शेंडी कुणाला

आजी आल्या त्या रिकामी बॅग घेऊन.

बॅग चांगली मोठी होती, निळी, चाकांची. आत काही नाही हे नवीला ती जिन्यावर असतानाच कळलं, कारण भरलेली बॅग अशी पायरीपायरीवर उड्या मारत येत नाही. आजींनी ती दाराशी भिंतीला टेकवून ठेवली आणि पदराने घाम पुसला. संध्याकाळपुरत्या आलेल्या बाईला एवढी बॅग कशाला, हे विचारायची गरजच नव्हती. मुंगीचे कपडे, पुस्तकं, उशी आणि झोपताना कवटाळायचा तो कान तुटलेला हत्ती, सगळं त्यात आरामात मावलं असतं.

मुंगी म्हणजे आजींची नात, लेकीची लेक. लेक गेली तेव्हा पोरगी नुकती चालायला लागली होती. आजींनी तिला उचललं, आपल्या घरी नेलं आणि वाढवलं. मग बापाने दुसरं लग्न केलं आणि घरात ही नवी आली. लग्नाला दोन वर्षं होत आली तरी सगळ्यांच्या तोंडी ती नवीच. नवी कशी आहे, नवीला जमतं का, नवी पोरीशी बरी वागते ना. फ्रीजसुद्धा एवढे दिवस नवा राहत नाही हो.

या सुट्टीत मुंगी पहिल्यांदाच बापाकडे राहायला आली होती. सुट्टी संपत आली होती. आता तिला इथल्या शाळेत घालायचं की परत आजीकडे न्यायचं, हे आज ठरायचं होतं, आणि ठरवणार होत्या आजी. बापाने सकाळी बूट घालता घालता सांगून टाकलं होतं, "आई म्हणतील तसं. त्यांनी वाढवलंय तिला, मी मध्ये पडणार नाही." वा रे बाप. एवढं बोलून हा गेला लोकांच्या लिफ्ट दुरुस्त करायला. संध्याकाळी कामावरून परस्पर जाऊन सासऱ्यांना आणणार होता. तोवर नवी आहे आणि आजी आहेत, बघून घ्या तुमचं तुम्ही.

आणि नवीला ती पोरगी हवी होती. कर्तव्य म्हणून नव्हे, चार लोक बरं म्हणतील म्हणूनही नव्हे. मुंगी सकाळी उठायची ती डोळे चोळत, केस पिंजारलेले, आणि एक शब्द न बोलता नवीच्या मांडीवर येऊन धपकन बसायची. दूध संपेपर्यंत उठायची नाही. त्यापायी नवी चष्म्याच्या दुकानात रोज उशिरा पोचायची आणि मालकाची बोलणी खायची. ती तिने सुखाने खाल्ली. आता उद्यापासून मांडी रिकामी, हा एकच विचार सकाळपासून तिच्या डोक्यात होता.

"समोसे करूया म्हणते," आजी स्वयंपाकघरात येत म्हणाल्या. "मुंगीला आवडतात, ह्यांनाही आवडतात. तुम्हाला येतात ना हो?"

आजी नवीला अहो-जाहो करायच्या. लेकीच्या वयाच्या बाईला अहो-जाहो म्हणजे मान नव्हे, दार लोटून घेणं ते. नवी मात्र त्यांना आईच म्हणायची.

"येतात आई."

"बरं झालं. ह्यांना काजूशिवाय चालत नाही, म्हणून घेऊन आलेय." आणि आजींनी पर्समधून काजूचा पुडा काढून ओट्यावर ठेवला.

नवीच्या तोंडचं पाणी पळालं. मुंगीला काजू चालत नाही. चालत नाही म्हणजे आवडत नाही असं नव्हे. कण जरी पोटात गेला तरी ओठ सुजतात, अंगावर गांधी उठतात, आणि त्यानंतर श्वास अडकतो. फार लहान असताना एकदा तसं झालं होतं. मुंगी येणार म्हटल्यावर नवीने घरातला सुक्या मेव्याचा डबा शेजारी देऊन टाकला होता, फडताळ गरम पाण्याने पुसून काढलं होतं. इंजेक्शनचा लाल पाऊच स्वयंपाकघराच्या दाराशी खिळ्याला टांगला होता आणि ते कसं टोचायचं, हे डॉक्टरीणबाईंकडे जाऊन एका संत्र्यावर शिकून घेतलं होतं. अशा घरात ओट्यावर काजूचा पुडा.

"आई, पण मुंगीला..."

"मला सांगताय?" आजी शांतपणे म्हणाल्या. "माझ्या घरी दोन्ही होतात. सारणं वेगळी, आधी तिचे तळायचे, मग ह्यांचे. आणि शेंडी काढायची म्हणजे गोंधळ नाही. आजवर काही झालेलं नाही."

शेंडी म्हणजे समोसा मिटून झाला की टोकाशी पारीला एक जास्तीचा चिमटा द्यायचा. तळल्यावर तो चिमटा कडक होऊन उभा राहतो. लांबून दिसतो.

आता नवीने इथे नाही म्हणायला हवं होतं. तुम्ही म्हणाल, घर तिचं, ओटा तिचा, जिभेला काय झालं होतं? पण त्या दाराशी टेकलेल्या निळ्या बॅगेसमोर बसून पाहा म्हणजे कळेल. नाही म्हणावं तर आम्हाला शिकवायला निघाली, हो म्हणावं तर जीव टांगणीला. इकडे आड आणि तिकडे विहीर. आणि सावत्र या शब्दाला तर माफीच नसते. सख्ख्या आईचं चुकलं तर चुकलं, सावत्रचं चुकलं तर मुद्दाम.

"बरं," नवी म्हणाली. "शेंडी काढू."

"शेंडी काढू," आजीही म्हणाल्या.

शेंडी कुणाला, हे मात्र दोघींपैकी एकीनेही म्हटलं नाही. म्हणायचं काय त्यात, एवढं तर कुणालाही कळतं, असं दोघींनाही वाटलं.

मग काम सुरू झालं. आजींनी मैद्यात ओवा आणि गरम तेलाचं मोहन घातलं, मूठ दाबून वळते का ते पाहिलं आणि मैदा चांगला घट्ट भिजवला. नवीने उकडलेले बटाटे कुस्करले, मटार परतले. आजींचे डोळे मैद्यावर कमी आणि नवीच्या हातांवर जास्त होते. मीठ हाताने घालताय? मिरच्या मुंगीला एवढ्या चालतात? आमचूर जुनं नाही ना? परीक्षेला बसलेल्या मुलाच्या पाठीशी पर्यवेक्षक उभा राहिला की त्याचं जे होतं ते नवीचं होत होतं. येणारी गोष्टही येईना. बडीशेप घातली की नाही हे आठवेना म्हणून तिने सारण हुंगलं, तर आजी म्हणाल्या, "हुंगून काय कळतं? चाखा." चाखलं. घातली होती.

सारणाचे दोन वाटे केले. मुंगीचं ओट्याच्या या टोकाला, आजोबांचं त्या टोकाला. काजू नवीनेच चिरले, वेगळ्या सुरीने, वेगळ्या पाटावर.

"बारीक करा," आजी म्हणाल्या. "ह्यांची कवळी आहे. मोठा तुकडा आला की बसतात काढून."

नवीने इतके बारीक केले की बटाट्यात मिसळल्यावर नुसत्या डोळ्यांना काजू दिसेनात. मग पाट धुतला, सुरी धुतली, हात साबणाने कोपरापर्यंत धुतले, आणि समाधान होईना म्हणून परत धुतले.

मैदा मुरेपर्यंत आजींची कंबर धरली. त्या आतल्या खोलीत जरा आडव्या झाल्या. नवीने पोळपाट घेतला. लांबट पारी लाटायची, मधोमध कापायची, अर्ध्या तुकड्याच्या सरळ कडेला पाण्याचं बोट फिरवून कोन करायचा, सारण भरायचं, तोंड दाबून मिटायचं. हात स्वच्छ होते म्हणून तिने आधी मुंगीचे केले आणि एकेकाला नीट शेंडी काढली. दुकानातही तिचं हेच काम. काच घासून झाली, नंबर तपासला, काच पास झाली की कोपऱ्यात पुसता येणारा एक ठिपका द्यायचा. ठिपका म्हणजे ही बरोबर आहे, बिनधास्त बसवा. ठिपका नाही त्या काचेला कुणी हात लावत नाही. शेंडीवाले तिने एका ताटात मांडले, वर ओला फडका घातला. मग आजोबांच्या सारणाचे घेतले, बिनशेंडीचे, आणि ते दुसऱ्या ताटात ठेवले.

दोन्ही सारणं निम्मी झाली असतील नसतील, तेवढ्यात आजी उठून आल्या. मुंगीला चित्रकलेच्या वर्गातून आणायची वेळ झाली होती.

"जा तुम्ही, उरलेले मी करते," आजी म्हणाल्या आणि फडके उचलून दोन्ही ताटं पाहिली. एका ताटात शेंडीवाले, एका ताटात बिनशेंडीचे. त्यांनी मान हलवली. पहिल्यांदाच काहीतरी पसंत पडल्यासारखी.

नवीला त्या मान हलवण्याचं इतकं बरं वाटलं की ती जिना भराभर उतरली. कोपऱ्यापर्यंत गेल्यावर बरं वाटणं ओसरलं आणि काळजी परत सुरू झाली. आजी मुंगीचे आधी करतील ना? हात धुतील ना? करतील, धुतील. वर्षानुवर्षं करतायत त्या. आपण कोण त्यांना सांगणार?

मुंगी वर्गाबाहेर हातभर रंग फासून उभी होती. आठ वर्षांची असेल, पण अंगाने सहाची दिसायची.

"मावशी, आजी आली?"

"आली. समोसे करतेय."

"निळी बॅग आणलीय?"

नवीने तिच्या खांद्यावरचं दप्तर आपल्या खांद्यावर घेतलं. "आणलीय."

रस्त्याच्या कडेचा एक खडा पायाने ढकलत ढकलत बराच लांब आणला मुंगीने. मग म्हणाली, "मला विचारणार आहेत का?"

"विचारतील की."

"मग मी काय सांगू?"

जिभेच्या टोकावर आलं होतं. राहते म्हणून सांग गं बाई, माझ्यासाठी सांग. पण लेकराच्या तोंडात आपले शब्द कोंबायचे नाहीत, एवढं नवीला कळत होतं. "खरं असेल ते सांग," ती म्हणाली, आणि आवाज नीट यावा म्हणून खोटंच खोकली.

जिन्यातच तळणाचा वास आला. मुंगी चपला भिरकावून आत पळाली. नवीच्या चपलेचा बंद नेमका तेव्हाच अडकला. ती वाकली, आतून नळाचा आवाज आला, मुंगीने हात धुतले. आजी म्हणाल्या, "तुझेच तळलेत आधी. घे, फुंकून खा हं." बंद सुटला. नवी आत आली.

ओट्यावर ताटलीत सोनेरी समोसे निथळत ठेवले होते. एक मुंगीच्या हातात होता, तोंडाजवळ. एकालाही शेंडी नव्हती.

पुढचं काही नवीने ठरवून केलं नाही. तिचा हात गेला. फटकन आवाज आला, समोसा उडाला आणि फ्रीजच्या पायाशी जाऊन पडला. मुंगीच्या हातावर बोटं उमटली. पोरगी रडलीच नाही आधी, नुसती बघत राहिली. ते बघणं रडण्यापेक्षा वाईट होतं.

आजींनी झारा खाली ठेवला. आवाज चढवला नाही. "असं चालतं होय इथे?" त्या म्हणाल्या.

"आई, तो काजूचा आहे."

"काय बोलताय? मुंगीचा आहे तो."

"शेंडी नाही त्याला."

"नाही म्हणूनच दिला. शेंडी काजूच्यांना."

"मी... मी मुंगीच्यांना काढली शेंडी."

कढईत पुढचा घाणा तडतडत होता. दोघींनी एकदमच ताटांकडे पाहिलं. शेंडीवाल्यांत नवीचे मुंगीसाठीचे आणि आजींचे काजूचे. बिनशेंडीच्यांत नवीचे काजूचे आणि आजींचे मुंगीसाठीचे. दोन्ही ताटं नीट मांडलेली, दोन्हींवर ओला फडका, आणि कुठला कुणाचा ते आता कुणाच्या बापाला सांगता आलं नसतं. आजींची वर्षानुवर्षांची रीत आणि नवीची दुकानातली रीत एका ताटात जाऊन बसली होती.

"मी कोपरा खाल्लाय," मुंगी म्हणाली. "नुसता कोपरा. आत गरम होतं."

नवीच्या पायाखालची जमीन सरकली. पण पाय सरकले नाहीत, हे तिचं नशीब. तिने गॅस बंद केला, मुंगीला तोंड धुवायला लावलं, खिळ्यावरचा पाऊच ओढला आणि पोरीला कडेवर घेऊन जिना उतरली. आठ वर्षांची पोरगी कडेवर. आजी मागून आल्या, अनवाणी, पिठाच्या हातांनी, मघाशी धरलेली कंबर कुठे गेली कोण जाणे.

डॉक्टरीणबाईंचा दवाखाना पुढच्याच गल्लीत होता. बाईंनी मुंगीला आधी टेबलावर बसवलं, घसा पाहिला, छातीला नळी लावली आणि तेवढ्यात मुंगीच्या खालच्या ओठाशी एक लाल गांध उठली. नवीने ती पाहिली आणि तिला वाटलं, आता ही गांध पसरेल, आता श्वास अडकेल, आणि जन्मभर सगळे म्हणतील की सावत्र आईच्या घरात झालं. मग तिला स्वतःचीच लाज वाटली. पोरगी समोर बसलीय आणि लोक काय म्हणतील हे सुचतंय. मुंगे, तू श्वास घे गं, बाकी लोकांना काय म्हणायचं ते म्हणू दे.

"काय खाल्लं? कोणी दिलं?" बाईंनी औषध मोजता मोजता विचारलं.

नवीने तोंड उघडलं. पण आजी आधी बोलल्या. "मी दिला. माझ्या हाताने दिला."

"शेंडी माझी चुकली," नवी म्हणाली.

"कसली शेंडी?"

मग दोघींनी मिळून सांगितलं. अर्धं एकीने, अर्धं दुसरीने, मध्येच एकमेकींना दुरुस्त करत. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. "म्हणजे शेंडी कुणाला काढायची, हे दोघींनी विचारलंच नाही?"

"नाही," आजी म्हणाल्या.

"आणि मुळात काजू आणलेच कशाला?"

आजींनी पिठाचे हात पदराला पुसले. बाईंनी मुंगीला औषध पाजलं, इंजेक्शन भरून टेबलावर तयार ठेवलं आणि सांगितलं, बाहेर बाकावर माझ्या डोळ्यांसमोर बसा, कुणी हलायचं नाही.

बाकावर मुंगी मध्ये आणि या दोघी दोन बाजूंना बसल्या. नवी तिच्या ओठाकडे बघत होती. बघून बघून तो ओठ मोठा वाटायचा, परत लहान वाटायचा. मुंगी जरा जोरात श्वास घेई आणि नवीचा हात पाऊचवर जाई. आजी गळ्यातली साखळी बोटाला गुंडाळत होत्या, सोडत होत्या. भिंतीवर दात घासणाऱ्या मुलाचं चित्र होतं आणि तो मुलगा हसत होता. नवीला त्याचा राग आला.

"रस्त्यात खड्डा असला," आजी म्हणाल्या, "तर लोक खड्ड्यात फांदी रोवतात. चांगल्या रस्त्यात कोण रोवतं? मला दुसरं सुचलंच नाही. धोका तिथे खूण."

"आमच्या दुकानात पास झालेल्या काचेला ठिपका देतात. बरोबर असेल तिथे खूण."

"म्हणजे तुमचंही बरोबर होतं."

"तुमचंही बरोबर होतं आई."

"हो ना," आजी म्हणाल्या. "दोघी बरोबर, आणि पोरगी गेली असती."

एक पोरगी गेलेली होती त्यांची, ती या बाकावर नव्हती पण होती. नवीने हात पुढे करून मुंगीच्या पाठीमागून त्यांच्या खांद्यावर ठेवला. ठेवू की नको, असा विचार करायला वेळच नव्हता.

मुंगीने आजीकडे मान वळवली. "आजी, मावशीने मला नाही मारलं. समोशाला मारलं." आणि जरा थांबून, "मला पण थोडं लागलं."

नवीला हसू आलं आणि त्याच्या पाठोपाठ रडू आलं. दोन्ही एकदम बाहेर पडल्यावर जो आवाज होतो तो दवाखानाभर झाला.

ओठाची गांध आणखी लाल झाली, मग तशीच राहिली, मग हळूहळू फिकी पडली. टेबलावरचं इंजेक्शन लागलं नाही. डॉक्टरीणबाईंनी परत परत तपासलं, घरी न्यायला औषध दिलं, आज रात्री कुणीतरी हिच्याजवळ झोपा म्हणून सांगितलं. मुंगीला भूक लागली होती. हे ऐकून बाई म्हणाल्या, आता घाबरायचं कारण नाही.

घरी आल्या तर बाप आणि आजोबा येऊन बसलेले. दार सताड उघडं, गॅसवर कढई तशीच, घरात कुणी नाही, बाप बिचारा फोनवर फोन लावत होता आणि फोन ओट्यावरच वाजत होते. सगळं ऐकून तो मटकन खाली बसला. आजोबांचं मात्र निराळंच चाललं होतं. तळायचे राहिलेल्या शेंडीवाल्यांतले दोन त्यांनी स्वतःच तळून घेतले होते.

"पहिल्यात काजूच नाही," ते तक्रारीच्या सुरात आजींना म्हणाले. "दुसऱ्यात आहे. असं कसं केलंस?"

आजींनी त्यांना उत्तर दिलं नाही. कंबरेवर हात ठेवून त्या फ्रीजपाशी वाकल्या आणि मघाचा तो पडलेला समोसा उचलला. एक कोपरा कुरतडलेला होता. त्यांनी तो हातावर मोडला, खिडकीशी नेला आणि चष्मा कपाळावर चढवून डोळ्यांजवळ धरला. बटाट्यात बोटाने चाचपत राहिल्या. मग त्यांनी नवीला जवळ बोलावलं. तळहातावर, पांढुरके, नखाएवढेही नाहीत असे काजूचे बारीक तुकडे होते.

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. पुरुषांना काही कळलं नाही.

"घास घेणारच होती ती," आजी हळूच म्हणाल्या. "तू हात उगारला नसतास तर... आणि मी मनात काय काय बोलले तुला. देवा."

नवीने नळ सोडला आणि त्यांचा तळहात साबणाने धुतला.

मग सगळं फेकलं. शेंडीवाले, बिनशेंडीचे, उरलेली सारणं, तेल, ओले फडकेसुद्धा. दोघींनी मिळून ओटा घासला, एकीने साबण लावला, दुसरीने पुसला, आणि पुसलेला परत पहिलीने घासला. रात्रीचं जेवण ब्रेड आणि अंड्यांवर भागलं. आजोबा कुरकुरले, त्यांना कुणी विचारलं नाही.

जेवण झाल्यावर आजींनी मुंगीला समोर बसवलं. नवी ताटं विसळत होती, ती तशीच पाठमोरी राहिली. नळ मात्र बंद केला.

"मुंगे, शाळेचं काय करायचं? तूच सांग."

"खरं ते सांगू?"

"खरंच सांगायचं."

"शाळा इथे," मुंगी म्हणाली. "आणि सुट्टी तुझ्याकडे. सगळी सुट्टी. तू रडणार का?"

"नाही बाई," आजी म्हणाल्या आणि रडल्या. वाईट वाटलं त्यांना, कशाला खोटं बोला. एवढी वाढवलेली पोरगी. पण रडून झाल्यावर त्यांनी डोळे पुसले आणि नवीच्या पाठीकडे बघून म्हणाल्या, "रात्री हिच्याजवळ तू झोप. हत्ती डाव्या बाजूला लागतो हिला."

"माहीत आहे आई," नवी म्हणाली. पाठमोरीच.

निघताना आजींनी दाराशी टेकलेली बॅग घेतली. आजोबा जिना उतरायला लागले होते. आजींना काहीतरी आठवलं, त्या परत आत गेल्या, नवीने मघाशी कपाटामागे सारून ठेवलेला पुडा शोधून आणला आणि बॅगेत टाकून चेन ओढली. मग बॅग जिन्यावरून उड्या मारत खाली गेली. आत काजूंशिवाय काही नव्हतं.